सांगलीत आपलं स्वतःचं दफ्तर पाहिजे का, आणि पाहिजे तर कुलूप कुणी लावायचं?

कृष्णाकाठचा

लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. सांगली, मिरज, जत, तासगाव आणि वर कराड-सातारपर्यंतच्या पट्ट्यातले आपले लोक, म्हणजे गे, लेस्बियन, ट्रान्स, जोगते (यल्लम्माला वाहिलेले), तृतीयपंथी, तमाशात नाच्या म्हणून उभी राहिलेली पोरं, एचआयव्हीच्या काळात रात्री एसटी स्टँडच्या मागं कंडोम वाटत फिरलेली पोरं, या सगळ्यांचे फोटो, पत्रं, पत्रकं, आवाज एका जागी ठेवायला पाहिजेत आणि ती जागा सांगलीत पाहिजे, पुण्यात नको आणि मुंबईत पण नको. आर्काइव्ह म्हणा नाहीतर दफ्तर म्हणा.

घाई का ते सांगतो. मिरजेकडं जोगत्यांमधल्या एक मावशी आहेत, आता वय झालंय. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक अल्बम आहे, सगळे स्टुडिओत काढलेले फोटो, मागं रंगवलेलं कारंजं आणि जिना, पुढं ह्या नऊवारीत, कपाळभर भंडारा, डोक्यावर जग म्हणजे देवीची टोपली, शेजारी चौंडकं हे वाद्य वाजवणारा एकदम ताठ उभा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ही पेटी पाण्यात होती. आता फोटो प्लास्टिकच्या पानांना असे चिकटलेत की ओढला तर चेहरा प्लास्टिकवर राहतो आणि हातात नुसता पांढरा कागद येतो. मावशी गेल्यावर हे कुणाकडं जाणार? भाच्याकडं. भाचा काय करणार ते तुम्हाला पण माहितीय आणि मला पण.

मुंबईत बॉम्बे दोस्त हे समलिंगी लोकांचं मासिक १९९० ला सुरू झालं, त्यावर लोकांनी पीएचड्या केल्या. बंगळुरूच्या लॉ स्कूलमध्ये कमरा नावाचं क्वीअर आर्काइव्ह आहे, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धच्या लढ्याचे कागद तिथं जपलेत, चांगलंच आहे. पण सांगलीचं काय? १९९२ पासून इथं एचआयव्हीवर संग्राम संस्थेचं काम, १९९६ ला वेश्या अन्याय मुक्ती परिषद, मग पुरुष आणि तृतीयपंथी सेक्स वर्कर्सची मुस्कान संघटना. बाहेरदेशीचे लोक गोकुळनगरचं, म्हणजे सांगलीतल्या वेश्यावस्तीचं नाव घेतात आणि इथल्या कॉलेजच्या पोराला विचारा, माहीत नाही. त्याला वाटतं आपण रीलमधनं जन्माला आलो.

माझं म्हणणं एवढंच, गोळा सगळं करायचं, दाखवायचं किती ते देणारा ठरवणार. बोला आता.

हळदमार्केट

काय ओ, दुसरे विषय संपले काय जिल्ह्यातले? आपल्याकडं इतिहास म्हटलं की पत्री सरकार, नाना पाटील, नाट्यपंढरी. कुणी कुणाबरोबर झोपलं याचं म्युझियम कशाला? मी काय विरोधात नाही कुणाच्या, ज्याचं त्याचं आयुष्य, पण खाजगी गोष्ट खाजगी ठेवा की. आणि हे सगळं आत्ता आत्ता बाहेरनं आलंय, पूर्वी असलं काय नव्हतं.

कृष्णाकाठचा

@हळदमार्केट पूर्वी नव्हतं तर र. धों. कर्व्यांना पत्रं कोण लिहीत होतं? त्यांचं समाजस्वास्थ्य मासिक १९२७ ला निघालं, मराठीत. वाचक लाजत लाजत विचारायचे, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, आणि कर्वे सरळ उत्तर द्यायचे. त्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ ला खटला चालला, कर्व्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले, हरले, २०० रुपये दंड झाला. पत्र पाठवणारे काय लंडनहून टपाल टाकत होते?

आणि पत्री सरकारचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. ते पण भूमिगतच होतं. कुणाच्या माळ्यावर कोण लपलं, रात्री भाकरी कुणी पोचवली हे सरकारी कागदात सापडत नाही, पुढं म्हाताऱ्यांना विचारून विचारून लिहून ठेवलं म्हणून कळतंय. त्यांच्या माळ्याचा इतिहास होतो आणि आमच्या माळ्याचा खाजगी मामला होय?

हळदमार्केट

देशासाठी लपणं आणि हे, दोन्ही एकच? उचलली जीभ.

तासगावची द्राक्षं

मी आपल्यातलाच. बायको आहे, दोन मुलं आहेत, बाग आहे, गावात लोक दादा म्हणतात. म्हणून माझं नाव सोडा आणि म्हणणं ऐका.

११ डिसेंबर २०१३, सुप्रीम कोर्टानं ३७७ वरचा दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल फिरवला आणि आपण परत गुन्हेगार झालो. त्या रात्री मी शेडवर बसून सगळी पत्रं फाडली. एका मित्राची होती, इस्लामपूरचा, बॉलपेननं लिहिलेली, प्रत्येक पत्राच्या शेवटी पावसाचं लिहायचा, आज पडला, आज नाही पडला. फाडून बॉयलरमध्ये घातली. २०१८ ला निकाल आला तेव्हा लोक मुंबईत नाचत होते, मी औषध फवारत होतो. वाईट वाटतं का, वाटतं. पण परत तीच वेळ आली तर परत फाडीन.

तुम्ही म्हणताय देणारा ठरवणार. माझं पत्र माझ्याकडं असेल तर मी ठरवीन, पण माझे फोटो माझ्याकडं कुठं आहेत? पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही दहा-बारा जण औदुंबरला गेलेलो, घाटावर ग्रुप फोटो काढला, रोल धुवून प्रिंटा सगळ्यांना वाटल्या. त्यातला एखादा उद्या तुमच्याकडं येऊन प्रिंट दान करणार, फॉर्मवर सही त्याची, आणि तोंड माझं. मला कोण विचारणार? माझ्या मुलीचं लग्न ठरायचंय अजून. मला नको तुमच्या इतिहासात.

सातारी कंदी

दादा तुमचं दुःख कळतं, खरंच, पण एक बोलते राग मानू नका. तुमच्याकडं फाडायला पत्रं तरी होती.

वर यादी बघा, जोगते, नाच्या, कंडोम वाटणारी पोरं, औदुंबरची ट्रिप. बायका कुठंयत? मी सातारची, आता नोकरीला पुण्यात. आमच्या पेठेत दोन शिक्षिका एका घरात तीसेक वर्षं राहिल्या, सगळं गाव त्यांना बहिणी समजायचं, एक वारली तेव्हा दुसरीला तेराव्याला पाहुण्यांच्या पंगतीत बसवलं. त्यांचा इतिहास कुठल्या पेटीत सापडणार? एक रेशनकार्ड, एक वीजबिल, आणि बॅंकेतलं जॉइंट खातं असेल तर तेवढंच. आणि पेपरात आमचं नाव येतं ते कधी, तर दोन मैत्रिणींनी विहिरीत उडी मारली, एवढं चार ओळीत, कारण अस्पष्ट. ती कात्रणं पण जपायला पाहिजेत, पण तेवढीच जपली तर पुढच्या पोरीला वाटणार आपल्याकडच्या सगळ्या विहिरीतच गेल्या.

म्हणून मी कृष्णाकाठ यांच्या पण थोडी विरोधात आहे. देणारा ठरवणार, देणारा ठरवणार, असं म्हणत म्हणत सगळं बंद पेटीत जाणार. आपल्याकडं देणारा घाबरलेलाच असणार ना, तो म्हणणार वीस वर्षं उघडू नका. मग आत्ता सोळा वर्षांची जी कोरेगावात एकटी बसलीय तिला काय उपयोग? झाकून ठेवायचंच असेल तर ते घरचे ऑलरेडी फुकटात करतायत.

मिरजेचा वकील

कायद्याचं थोडं. २०२३ चा डिजिटल डेटाचा कायदा टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. फोटो पेटीत आहे तोपर्यंत त्याचा संबंध नाही, स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतला की आला. संमती घ्यावी लागते आणि दिलेली संमती परतही घेता येते. आता गंमत अशी की संशोधन, जतन, आकडेवारी यासाठी त्यातच सूट पण ठेवलीय, काही अटींवर. म्हणजे तासगावकरांना विचारल्याशिवाय त्यांचा फोटो ठेवला तरी संग्रहवाले कोर्टात ही सूट पुढं करू शकतात. म्हणून कायद्यावर विसंबू नका, स्वतःचे नियम कायद्यापेक्षा कडक ठेवा.

दुसरं, एचआयव्हीच्या काळातली रजिस्टरं, ओळखपत्रं, मीटिंगचे हजेरीपट कुणी आणून दिले तर तिथंच थांबा. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. नुसता हजेरीपट असला तरी वर कार्यक्रमाचं नाव लिहिलेलं असतं, वाचणारा काय ते समजतो.

आणि ज्यांना यादी म्हणजे साधी गोष्ट वाटते त्यांच्यासाठी, १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्टचा अख्खा दुसरा भाग तृतीयपंथीयांवर होता. नाव, पत्ता, मालमत्ता पोलिसांच्या रजिस्टरात. उत्तरेकडच्या प्रांतांतच जास्त राबवला, पण आपल्या लोकांची व्यवस्थित नीटनेटकी यादी पहिल्यांदा कुणी केली तर पोलिसांनी. सगळं एका जागी गोळा करणं हे प्रेमानं केलं तरी शेवटी यादीच होते.

नाट्यपंढरी

एक विनंती, यात बालगंधर्वांना ओढू नका. अजून कुणी नाव घेतलं नाही पण घेणार मला माहितीय, दरवेळी घेतात. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीता स्वयंवर केलं तेव्हापासून पुरुषच बायकांच्या भूमिका करायचे कारण बायकांना रंगभूमी बंद होती. ती कला होती, मेहनत होती. नागठाण्याचा हा माणूस, महाराष्ट्रातल्या बायका त्यांचं बघून साडी नेसायच्या, दागिने घालायच्या, पद्मभूषण मिळालं. स्त्रीपार्टी होते म्हणून लगेच तुमच्या खात्यात जमा करायचं हा इतिहास नाही, ही ढापाढापी आहे.

कृष्णाकाठचा

@नाट्यपंढरी बालगंधर्वांना आमची गरज नाही आणि आम्हाला त्यांची नाही. त्यांच्या नावानं नाट्यगृहं आहेत, रेकॉर्ड आहेत, साडीतले फोटो घरोघरी फ्रेम करून लावलेत. माझा प्रश्न त्यांच्या मागं रांगेत उभ्या राहणाऱ्या पोरांचा आहे. नाटक कंपनीत बारा-तेराव्या वर्षी घेतलेली पोरं, आवाज फुटला की काढून टाकलेली. तमाशातला नाच्या, ज्याला स्टेजवर शिट्ट्या आणि स्टेजच्या मागं मार. ती सगळी गे होती असं मी म्हणत नाही, म्हणणार पण नाही, मेलेल्या माणसाच्या कपाळावर मी कोण चिकटवणार काय. पण एकच साडी फ्रेममध्ये गेली की कला आणि फडावर दिसली की छक्का, हे सांगलीत कसं ठरत गेलं ते तर आमच्या खात्यात येतंय ना?

नाट्यपंढरी

प्रश्न ठीक आहे. तरी पोस्टरवर त्यांचा फोटो दिसला तर मी तिथं येऊन भांडणार, आधीच सांगून ठेवतो.

चौंडकं

सगळे शिकलेले बोलले, आता मी बोलतो. मी जतचा, यल्लम्माच्या जत्रेत वाढलोय, माझे गुरू जोगते होते, वारले.

पहिली गोष्ट, फोटो काढायला येणारे आम्हाला नवीन नाहीत. जत्रेत खिलार बैल बघायला यावं तसे कॅमेरे घेऊन येतात, चौंडकं वाजव म्हणतात, लाज कशी सोडली सांग म्हणतात, आणि जातात. गुरूंची मुलाखत चार जणांनी तरी नेली. एकानं पण कॅसेट परत दिली नाही. एकदा कुणीतरी जाडजूड इंग्रजी पुस्तक दाखवलं, आत गुरूंचा फोटो, खाली नाव दुसऱ्याचंच. ते पुस्तक विकत घ्यायचं म्हटलं तर आमच्या महिन्याच्या जोगव्यात बसलं नसतं.

दुसरी गोष्ट, जग देवीचा असतो. तो तुमच्या काचेच्या पेटीत ठेवायचा नाही. गुरू गेले की तो चेल्याकडं येतो, त्याला रोज पाणी, हळदकुंकू, मंगळवार-शुक्रवार जोगवा. संग्रहात ठेवला की नुसती टोपली राहते. फोटो घ्या, आवाज घ्या, कोणतं पद कधी म्हणायचं ते घ्या. जग नाही.

आणि तिसरी, हे गे-लेस्बियन बरोबर आमचं एकच दुकान मांडताय ते मला पटत नाही. माझ्या गुरूंना विचारलं असतं तर म्हणाले असते मी यल्लम्माचा, दुसऱ्या कुणाचा नाही. तुमचा मोर्चा निघतो तेव्हा आम्हाला पुढं ठेवता कारण साडी फोटोत चांगली दिसते, आणि मीटिंगला खुर्ची मागच्या रांगेत.

सातारी कंदी

@चौंडकं कॅसेट परत न देणारे लोक शहरातले होते आणि इथं सगळे आपलेच आहेत, म्हणून तर आपल्या गावात आपलं असावं म्हणतोय ना?

चौंडकं

गाववालेच जास्त लुटतात ताई. लांबचा निदान बस पकडून निघून जातो.

रिटायर ग्रंथपाल

मी तुमच्यातली नाही, पण जन्म कागदात गेला म्हणून बोलते. वाद छान चाललाय पण तोपर्यंत बुरशी थांबत नाही हो.

सांगलीत तळमजल्यावर काहीही ठेवायचं नाही, हा पहिला नियम. २०१९ ला नगर वाचनालयातली पुस्तकं भिजली ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, शंभर-शंभर वर्षांची पानं, हातात लगदा. वरचा मजला बघा, आणि स्कॅनची एक प्रत सांगलीबाहेर, विट्याला नाहीतर साताऱ्याला, कृष्णेचं पाणी पोचत नाही तिथं. एका हार्डडिस्कवर भरवसा ठेवायचा नाही, तीन प्रती तरी हव्यात.

त्या मावशींच्या अल्बमचं. कोरडे फोटो ओढू नका, चेहरा जातो तो असाच जातो. आधी पान न सोडवता आहे तसं प्लास्टिकसकट स्कॅन करून घ्या, चकाकी येईल पण चेहरा मिळेल. नंतर एखादा कमी महत्त्वाचा फोटो घेऊन बघायचं, स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटतोय का, सुटला तर चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचा, उन्हात नाही, इस्त्री तर बिलकुल नाही. निगेटिव्ह कुठं आहेत ते स्टुडिओवाल्याच्या मुलाला विचारा, डिजिटल आल्यावर बऱ्याच जणांनी ती भंगारात घातली, पण काहींच्या माळ्यावर अजून आहेत.

पाठीमागं पेननं लिहू नका, शिसपेन्सिल. आणि प्रत्येक फोटोबरोबर कुणी दिला, कधीचा, त्यात कोण आहे, कुणी हो म्हटलं, कुणी नाही म्हटलं, हे लिहिलेलं पाहिजे. नाहीतर पन्नास वर्षांनी तुमच्याकडं अनोळखी चेहऱ्यांचा ढीग असेल. नाव लपवायचं म्हणून लिहायचंच नाही असं करू नका, नावांची वही वेगळी ठेवा, कुलपात.

कृष्णाकाठचा

बाई तुम्ही पहिल्या मीटिंगला या, बाकीचे नाही आले तरी चालेल.

@चौंडकं तुमचं जगाचं म्हणणं मान्य, टोपलीला हात लावायचा नाही. पण एकच दुकान नको यावर मी भांडणार. तुमच्या गुरूंचं सामान ते गेल्यावर कुणी नेलं? रक्ताच्या लोकांनीच ना? तासगावकर उद्या गेले तर त्यांचा फोन कोण उघडणार? ताईंच्या पेठेतल्या शिक्षिकाबाईंना पंगतीत कुठं बसवलं? देव वेगळे असू देत, मेल्यावर वारस म्हणून दारात उभा राहणारा माणूस तिन्हीकडं एकच आहे. हिंदू वारसा कायद्यात चेला बसत नाही, पार्टनर बसत नाही, १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला पण नाही म्हटलं. म्हणून जिवंतपणी लिहून घ्यायचं, हा अल्बम मी अमक्याला देतोय, अशा अशा अटींवर.

मिरजेचा वकील

एवढ्याला बक्षीसपत्र पुरतं, दोन साक्षीदार घ्या. त्या डेटा कायद्यात नॉमिनी नेमायची पण सोय आहे, आपण गेल्यावर आपल्या माहितीवरचे हक्क कोण वापरणार ते. तो रक्ताचाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही.

चौंडकं

गुरूंचं सामान भावानं नेलं. फोटो जाळले, पातळं वाटली, चांदीचे मुखवटे सोनाराकडं. जग तेवढा मी आदल्या रात्री उचलला.

दुकान एक की दोन नंतर बघू. पण आधी हे लिहा, जी मुलाखत घ्याल तिची एक प्रत देणाऱ्याच्या हातात, मोबाइलमध्ये चालेल अशी, त्याच दिवशी. आणि इंग्रजीत कुठं काय छापायचं असेल तर आधी मराठीत वाचून दाखवायचं. आणि चहा नाही, हजेरीचे पैसे. दिवस मोडतो आमचा.

आणि मिरजेच्या मावशींना काल फोनवर हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या माझा फोटो मोठा करून लावा, नावासकट, एवढी वर्षं लाजले नाही तर आता काय.

हळदमार्केट

पैसे कोण देणार ते पण सांगा. महापालिकेकडं मागू नका म्हणजे झालं.

सातारी कंदी

@हळदमार्केट तुम्हाला नको तरी तुम्ही रोज येऊन वाचताय, वर्गणी तुमच्यापासूनच सुरू करू.

बरं, मावशींनी उत्तर दिलंच की. ज्यांना दिसायचंय त्यांना आत्ता दाखवा, नेटवर टाका, कॉलेजात प्रदर्शन करा. घाबरलेल्यांची वाट बघत बघत न घाबरलेले मरायला नकोत.

तासगावची द्राक्षं

मावशींचा दाखवा, मी कुठं नाही म्हणतोय. त्यांना त्यांचं गाव वेगळं वागवतं, जत्रेत पाया पडतात लोक. माझ्या पाया कोण पडणार? मी फक्त औदुंबरच्या फोटोचं विचारलं होतं, त्यावर अजून एकानं पण सरळ उत्तर दिलं नाही.

कृष्णाकाठचा

सरळ उत्तर, ग्रुप फोटो आला तर घेणार, स्कॅन करणार, आणि त्यातला प्रत्येक जण हो म्हणेपर्यंत कुणालाच दाखवणार नाही. चेहरा पुसून पण नाही, उभं राहण्याच्या ढबीवरनं माणूस ओळखतात गावात.

सातारी कंदी

म्हणजे कधीच नाही. बारा जणांतले दोन वारले असतील, एक दुबईला, एकाचा नंबर नाही. हे सगळे हो कसे म्हणणार?

तासगावची द्राक्षं

चालेल की मला. कधीच नाही चालेल.

सातारी कंदी

मला नाही चालत.